मसल कारचे राहून गेलेले अर्धे काम: अमेरिकेतील सस्पेन्शन-सुधारणेचा इतिहास

डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांनी १९६४ ते १९७२ या काळात बाजारात आणलेल्या आणि पुढे 'मसल कार' या नावाने ओळखल्या गेलेल्या गाड्यांचा इतिहास बहुधा त्यांच्या इंजिनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि त्याला तसे कारणही आहे. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या कौटुंबिक गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवणे हीच त्यांच्यामागची मूळ कल्पना होती. जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी १९६४ च्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले आणि सुमारे ३०० डॉलरच्या जादा सामानाच्या रूपाने 'जीटीओ' विकायला काढली, तेव्हा ही कल्पना किती खपते हे साऱ्या कंपन्यांना कळून चुकले. मात्र याच गाड्यांचा आणखी एक इतिहास आहे, जो बॉनेटखाली नसून चाकांपाशी घडला; कारखान्याने जे काम अर्धे सोडले होते ते मालकांनी, शर्यतीच्या चालकांनी आणि पुष्कळदा त्याच कारखान्यांतल्या अभियंत्यांनी पुढची साठ वर्षे पुरे करत आणले, आणि ते करताना गाडी चांगली चालणे म्हणजे नेमके काय, याविषयीची अमेरिकी समजूतच हळूहळू बदलत गेली.

सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी यंत्रणा. तिच्यात भार तोलणाऱ्या स्प्रिंगा, त्या स्प्रिंगांची वरखाली थरथर शमवणारे शॉक ॲब्झॉर्बर, चाकाची जागा धरून ठेवणारे दांडे म्हणजे आर्म, आणि या दांड्यांच्या टोकांशी बसणारे रबरी बुश यांचा समावेश होतो. त्या काळच्या बहुतेक मसल कारना पुढच्या बाजूस प्रत्येक चाकासाठी वर एक व खाली एक असे दोन आर्म असत आणि मागच्या बाजूस दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड अक्ष असे. हा अक्ष फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कॅमॅरो आणि क्रायस्लरच्या गाड्यांत लांब पोलादी पाट्यांवर तोललेला असे, म्हणजे मालमोटारी आणि एसटीच्या गाड्यांखाली दिसणाऱ्या पाट्यांसारखीच ती व्यवस्था होती. जीटीओ, शेव्हेल यांसारख्या जनरल मोटर्सच्या मध्यम गाड्यांत मात्र पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि अक्षाला चार दांड्यांनी धरून ठेवण्याची रचना होती. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली ती फाल्कन या काटकसरी गाडीच्या सांगाड्यावर, आणि १९६७ सालची पहिली कॅमॅरोही चेव्ही-टू या तशाच साध्या गाडीच्या गोतावळ्यातली होती. त्यामुळे साध्या कामासाठी आखलेल्या सस्पेन्शनवर दुपटी-तिपटीने ताकदवान इंजिनाचा भार येऊन पडला.

ही उणीव अज्ञानातून आलेली नव्हती, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. ब्रिटनमधून अमेरिकेत आलेले मॉरिस ऑली हे जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकापासूनच वळणावरील वर्तनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करत होते, आणि वेगात वळताना गाडी किंचित बाहेरच्या बाजूला सरकत जावी, मागचा भाग एकाएकी फिरू नये, ही सामान्य चालकासाठी सुरक्षित ठरणारी मर्यादा अभियंत्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारलेली होती. शिवाय ग्राहकाला मऊ बैठक आणि हलके स्टिअरिंग हवे होते, आणि लेखाविभागाला प्रत्येक गाडीमागे वाचणारा डॉलर. परंतु या सर्वांहून मोठे कारण टायरमध्ये होते. त्या काळी अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदून विणलेले असत; अशा टायरच्या बाजू ताठ असल्यामुळे चाक झुकले की त्याची किनार रस्त्यावरून उचलली जाई, म्हणून चाके जवळजवळ सरळ उभी ठेवण्याकडे कल असे. ज्यात दोरे आडवे, चाकाच्या मध्याकडून बाहेर गेलेले असतात आणि तळाखाली पोलादी पट्टा असतो तो रेडियल टायर फ्रान्सच्या मिशलिन कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विक्रीस आणला होता. तरी अमेरिकी बनावटीच्या गाडीवर तो मूळ सामान म्हणून बसायला १९७० सालची लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क-थ्री उजाडावी लागली. जुन्या टायरसाठी जुळवलेली भूमिती नव्या टायरखाली चुकीची ठरली, आणि पुढे 'सुधारणा' म्हणून जे काही करण्यात आले त्याचा फार मोठा भाग या एका बदलाची भरपाई होता.

मात्र ही भरपाई सुरू होण्याआधी 'सस्पेन्शन सुधारणे' याचा लोकमान्य अर्थ अगदी उलटा होता. अमेरिकी तरुणाची स्पर्धा पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर चाले, आणि तिथे वळण नसल्याने एकच प्रश्न महत्त्वाचा होता: सुटताना मागची चाके रस्ता कशी पकडतील? इंजिनाचा पीळ अक्षावर पडला की पाट्यांना इंग्रजी 'एस' अक्षरासारखी मुरड पडते, ती एकदम सुटते, पुन्हा पडते, आणि चाके रस्त्यावर टपटप उड्या मारू लागतात. त्यावर उपाय म्हणून पाट्यांखाली लोखंडी दांडे बसवले गेले, जे मुरड पडू लागताच पाट्याच्या पुढच्या टोकाला टेकून ती अडवत. क्रायस्लरने तर ड्रॅग शर्यतीसाठी डाव्या व उजव्या बाजूचे वेगवेगळे पाटेच उपलब्ध करून दिले, कारण इंजिनाच्या पिळाने उजवे मागचे चाक उचलले जाते आणि त्याची भरपाई पाट्यातच करून ठेवणे शहाणपणाचे होते. पुढची बाजू मात्र मुद्दाम सैल ठेवण्यात येई. गाडीचे नाक उचलले जावे आणि भार मागे सरकावा यासाठी असे शॉक ॲब्झॉर्बर विकले जात, जे वर जाताना जवळजवळ विरोधच करत नसत. अशी जुळवलेली गाडी पट्ट्यावर विलक्षण वेगाने सुटे आणि डोंगराळ रस्त्यावरच्या पहिल्याच वळणाला धोकादायक ठरे.

वळणाचा विचार करणारी दुसरी परंपरा कॅलिफोर्नियात कॅरल शेल्बी यांच्या कारखान्यात आकाराला आली. फोर्डला मस्टँग 'खेळाडू' गाडी म्हणून मान्य व्हायला हवी होती आणि त्यासाठी स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या बी-प्रॉडक्शन गटात ती जिंकणे आवश्यक होते. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० या गाडीचे सस्पेन्शन फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांच्या गणितावर आणि केन माइल्स यांनी कॅलिफोर्नियातील विलो स्प्रिंग्ज धावपट्टीवर घेतलेल्या चाचण्यांवर उभे होते. आर्निंग हे सस्पेन्शनची भूमिती संगणकावर सोडवणाऱ्या पहिल्या पिढीतले होते. त्यांनी सुचवलेला बदल एवढाच होता की वरच्या आर्मचा आतला सांधा ज्या दोन छिद्रांत बोल्टने आवळला जातो ती छिद्रे १ इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर, खाली पाडायची.

एका इंचाने काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. वळताना गाडीचे अंग बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरचे चाक अंगाच्या तुलनेत वर येते. मूळ मस्टँगमध्ये अशा वेळी ते चाकही अंगाबरोबर बाहेर कलत असे आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहत असे. आतला सांधा खाली आणला की आर्म आतून बाहेर चढता होतो, त्यामुळे चाक वर येताना आर्मचे बाहेरचे टोक आत खेचले जाते आणि चाकाचा माथा गाडीकडे झुकतो. अंग बाहेर कलते, चाक आत कलते, आणि दोहोंची बेरीज होऊन टायर रस्त्याला सपाट टेकून राहतो. चाकाच्या या उभ्या कलाला कॅम्बर म्हणतात. कोणताही नवा भाग न घालता, फक्त एक कागदी साचा, ड्रिलयंत्र आणि पुन्हा आवळलेले दोन बोल्ट यांच्या जोरावर गाडीचा स्वभाव पालटणारा हा बदल 'शेल्बी ड्रॉप' या नावाने आजही केला जातो, आणि या साऱ्या इतिहासात खर्चाच्या मानाने इतके फळ देणारा दुसरा उपाय सापडत नाही.

त्याच गाडीवर पुढच्या बाजूस १ इंच जाडीचा अँटी-रोल बार होता. हा दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणारा पोलादी दांडा अंगाचा कल स्वतःच्या पिळाने रोखतो. याखेरीज कोनी कंपनीचे शॉक ॲब्झॉर्बर आणि मागच्या अक्षाला वरून धरणारे दांडेही होते. मस्टँगच्या पुढच्या स्प्रिंगा वरच्या आर्मवर बसत आणि त्यांचा सारा धक्का इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या बुरुजांवर येई. हे बुरुज आत झुकू नयेत म्हणून त्यांना मागच्या पत्र्याशी बांधणारा अखंड कंस वापरला गेला. हा कंस फोर्डकडे आधीपासूनच होता, कारण खराब रस्त्यांच्या देशांत निर्यात होणाऱ्या गाड्यांना तो बसवला जाई, आणि म्हणूनच त्याला आजही 'एक्स्पोर्ट ब्रेस' म्हणतात. या गाडीने १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षे आपल्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तरीही आर्म खाली आणण्याचे काम खर्च वाचवण्यासाठी १९६६ च्या हंगामातच थांबवण्यात आले. ज्या बदलाला सामान जवळजवळ लागतच नव्हते तोही मजुरीच्या हिशेबात बसला नाही, यावरून साध्या मस्टँगच्या वाट्याला तो का आला नसावा याची कल्पना येते.

कॅमॅरोची अडचण मागच्या बाजूला होती. १९६७ च्या सर्व कॅमॅरोंना एकेरी पाटा होता, म्हणजे अनेक पात्यांच्या जुडग्याऐवजी मध्यभागी जाड व टोकांकडे पातळ होत गेलेले एकच पोलादी पाते. तो हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा असला तरी पिळाला फार लवकर शरण जाई. शेव्हरोलेने ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना उजव्या बाजूस एक आधारदांडा देऊन पाहिला आणि १९६८ मध्ये दोन गोष्टी केल्या: अशा गाड्यांना अनेकपाती पाटे दिले, आणि मागचे दोन शॉक ॲब्झॉर्बर एक अक्षाच्या पुढे व एक मागे असे बसवले, जेणेकरून अक्ष स्वतःभोवती फिरू लागला की दोघेही त्याला विरुद्ध बाजूंनी अडवतील. फोर्डनेही हीच युक्ती वापरली.

या सुधारणांना वेग दिला तो १९६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम शर्यतमालिकेने. तिच्या नियमांनुसार शर्यतीची गाडी कारखान्यात प्रत्यक्ष बनणाऱ्या गाडीवर आधारलेली असणे आणि महत्त्वाचे भाग कंपनीच्या यादीत असणे आवश्यक होते, त्यामुळे शर्यतीसाठी घडवलेले भाग 'जड कामाचे सुटे भाग' म्हणून विक्रेत्याच्या यादीत येऊ लागले आणि सामान्य मालकाला ते खिडकीवर मागता येऊ लागले. रॉजर पेन्स्की यांच्या संघाची कॅमॅरो झेड-२८ चालवणारे मार्क डॉनोह्यू हे शिक्षणाने अभियंता होते. त्यांनी १९६८ च्या १३ शर्यतींपैकी १० जिंकल्या, आणि १९६९ मध्येही विजेतेपद शेव्हरोलेकडेच राहिले. १९७० मध्ये पार्नेली जोन्स यांच्यासारख्या चालकांच्या जोरावर फोर्डच्या बॉस ३०२ मस्टँगने ते परत मिळवले. पाच लिटरची मर्यादा असलेल्या या मालिकेत इंजिने जवळजवळ सारख्याच बळाची असल्यामुळे निकाल वळणात लागे, आणि अमेरिकी कारखान्यांना सस्पेन्शनचा अभ्यास सक्तीचा झाला.

या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण मात्र विजेत्या गाडीचे नाही. पाँटिॲकचे अभियंते हर्ब ॲडम्स यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने १९७१ च्या ट्रान्स-ॲम मालिकेत १९६४ ची टेम्पेस्ट उतरवली. ती त्यांच्या घरची, पत्नीच्या रोजच्या वापरातली गाडी होती, आणि बॉब टुलियस यांनी ती चालवली. 'ग्रे घोस्ट' म्हणून ओळखली गेलेली ही सात वर्षे जुनी, चौकोनी ठेवणीची गाडी मोठ्या खर्चाच्या संघांशी टक्कर देत होती, याचा अर्थ असा की सांगाडा सामान्य असला तरी त्याच्या सांध्यांची जागा, स्प्रिंगांचा ताठपणा आणि अँटी-रोल बारची जाडी यांत अजून पुष्कळ काही दडलेले होते. ॲडम्स यांचा हात लागलेल्या १९७० च्या पाँटिॲक ट्रान्स-ॲम या रस्त्यावरच्या गाडीला पुढे सव्वा इंच जाडीचा बार आणि मागे पाऊण इंचाहून जाड दुसरा बार होता. स्प्रिंगा फार ताठ न करता अंगाचा कल जाड बारनी रोखायचा आणि बैठक सुसह्य ठेवायची, हा विचार त्यातून पुढे आला. स्प्रिंगा ताठ करून बार पातळ ठेवणाऱ्यांशी या मताचा वाद आजही मिटलेला नाही, परंतु खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला टेकलेले राहणे हीच खरी पकड असे मानल्यास ॲडम्स यांची बाजू अधिक भक्कम वाटते.

१९७० नंतर प्रदूषणाचे कायदे, वाढलेले विम्याचे हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी मोठ्या इंजिनांचा काळ संपवला. ज्यांच्याकडे अश्वशक्ती उरली नव्हती त्या कंपन्या आता वळणावरच्या पकडीची जाहिरात करू लागल्या. पाँटिॲकने १९७४ मध्ये रेडियल टायरसाठी जुळवलेले सस्पेन्शन त्याच नावाने विकले, आणि १९७८ च्या ट्रान्स-ॲमसाठी आठ इंच रुंद रिमा, जाड मागचा बार व चपळ स्टिअरिंग यांचा स्वतंत्र संच दिला. परंतु वापरलेल्या मालाच्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मसल कारच्या नशिबी याच वेळी नेमके उलटे आले. मागे रुंद टायर मावावेत म्हणून हवेचे शॉक ॲब्झॉर्बर फुगवून आणि पाट्यांच्या कड्या लांबवून गाडीची पाठ उचलण्याची फॅशन रुजली, आणि १९८० च्या दशकात मागची सारी पोकळी कापून तीत अवाढव्य टायर कोंबण्याची तऱ्हा आली. अशी गाडी प्रदर्शनात उठून दिसे, पण तिला वळणे जवळजवळ अशक्यच असे.

सुधारणेचा खरा धागा या काळात थोड्या कार्यशाळांनी टिकवला. १९६७ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत कॉर्व्हेट चालवलेले डिक गुल्डस्ट्रँड यांनी पहिल्या पिढीच्या कॅमॅरोवर वरच्या आर्मचा सांधा खाली आणण्याचा जो बदल रूढ केला तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो; तत्त्व शेल्बी ड्रॉपचेच, कारण या गाडीतही चाक वर येताना बाहेर कलत असे. ज्यांना छिद्रे पाडायची नव्हती त्यांनी दुसरा मार्ग शोधला. आर्मचा आतला सांधा खाली आणण्याऐवजी बाहेरचा सांधा वर नेला तरी उतार तोच मिळतो, आणि बाहेरचा सांधा चाकाच्या उभ्या नकलवर, म्हणजे चाक व दोन्ही आर्म ज्या घडीव लोखंडी भागाला जोडलेले असतात त्याच्यावर, बसतो. जनरल मोटर्सच्या १९७७ नंतरच्या मोठ्या सेडान गाड्यांचे नकल अधिक उंच होते आणि ते १९६४ ते १९७२ च्या शेव्हेल व जीटीओवर बसतात, हे ध्यानात येताच भंगारबाजारात त्यांना मागणी आली. शिवाय त्यांच्याबरोबर मोठ्या डिस्कचे ब्रेकही मिळत. मात्र स्टिअरिंगच्या दांड्यांची भूमिती त्या नकलशी जुळत नसल्याने खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग न फिरवताही चाके थोडी वळत, ज्याला बम्प स्टिअर म्हणतात. एक सांधा हलवला की दुसऱ्याचा हिशेब चुकतो हे या एका प्रयोगाने अनेक मालकांना शिकवले, आणि पुढे याच कामासाठी थोडे उंच बॉल जॉइंट, म्हणजे आर्मचे बाहेरचे सांधे, व नव्याने घडवलेले नकल बाजारात आले.

याच काळात पॉलियुरेथेन या कडक कृत्रिम रबराचे बुश अमाप खपले, आणि सगळेच हिताचे ठरले असे नाही. पुढच्या आर्मचा बुश एकाच दिशेने फिरतो, तिथे कडकपणा उपयोगी पडतो. पण जीटीओ-शेव्हेलच्या मागचे वरचे दोन दांडे तिरपे बसवलेले असतात आणि अंग कलताना त्यांच्या बुशना एकाच वेळी अनेक दिशांनी पिळावे लागते. मऊ रबर हे सहन करते. कडक बुश अडकतो, मागची बाजू स्वतःच एका जाड अँटी-रोल बारसारखी वागू लागते आणि ओल्या रस्त्यावर एकाएकी सुटते. ताठ म्हणजे उत्तम, ही समजूत या इतिहासात जितकी महाग पडली तितकी दुसरी कोणतीही नसेल.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस नेवाडातील सिल्व्हर स्टेट क्लासिक या मोकळ्या महामार्गावरच्या वेगस्पर्धेत 'बिग रेड' नावाची १९६९ ची कॅमॅरो गाजली, आणि पुढच्या काही वर्षांत जनरल मोटर्सचे अभियंते मार्क स्टिलो यांनी स्वतःच्या १९६९ च्या कॅमॅरो लांब पल्ल्याच्या 'वन लॅप ऑफ अमेरिका' स्पर्धेत चालवून 'प्रो-टूरिंग' या संज्ञेला अर्थ दिला: जुने रूप कायम, पण आधुनिक गाडीसारखी वळणारी, थांबणारी आणि हजार मैल चालणारी मसल कार. २००० मध्ये काइल आणि स्टेसी टकर या अभियंता दांपत्याने डेट्रॉइट स्पीड ही कंपनी काढली आणि कॅमॅरोचा पुढचा अर्धा सांगाडाच नव्याने घडवून विकायला सुरुवात केली. मूळ गाडीत हा भाग रबरी गाद्यांवर बोल्टने जोडलेला असल्यामुळे तो उतरवून दुसरा बसवता येतो. मस्टँगचे तसे नाही. तिच्या इंजिनकक्षातले पत्र्याचे बुरुज कापून १९७४ च्या मस्टँग-टूच्या धर्तीवरचे सस्पेन्शन वेल्डिंगने बसवले की रुंद इंजिनाला जागा होते, पण कापलेला सांगाडा मूळ रूपात आणणे अतिशय अवघड बनते.

संग्रहवस्तू म्हणून या गाड्यांची किंमत वाढत गेली तसा हा भेद निर्णायक ठरला. बोल्टने बसणारे आर्म, स्प्रिंगा आणि बार काढून ठेवता येतात, म्हणून जाणते मालक मूळचे भाग तेल लावून, चिठ्ठ्या अडकवून जपतात आणि कापाकापी टाळतात. शेल्बी ड्रॉपची ती दोन छिद्रे या हिशेबात विचित्र जागी येतात: १९६५ च्या खऱ्या जीटी ३५० च्या परीक्षणात ती अस्सलपणाची खूण म्हणून तपासली जातात, आणि साध्या मस्टँगच्या पत्र्यात तीच आढळली तर मूळ स्थितीच्या वर्गात तिचे गुण कापले जातात.